कूलर की लॉकअप किट? ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापत असेल तर काय निवडावं

ऑटोमॅटिक गाडीला ट्रेलर जोडून लांब चढ चढायचा, किंवा गाडी पूर्ण भरून डोंगरात जायचं, असं ज्यांचं वारंवार होतं त्यांना आज ना उद्या हा प्रश्न पडतोच: गिअरबॉक्सचं ऑइल तापतंय, तर पैसे कशावर घालायचे? बाजारात दोन उपाय दिसतात. एक म्हणजे वेगळा ऑइल कूलर. दुसरा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचं) लॉकअप, म्हणजे तो जोड घट्ट पकडून टाकणं, आपल्या हातात देणारी किट. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी कूलर घ्यावा, किट मोजक्यांनीच घ्यावी, आणि दोन्हींच्या आधी प्रत्येकाने गिअरचा दांडा हाताने वापरायला शिकावं. कूलर तयार झालेली उष्णता बाहेर टाकतो, लॉकअप ती तयारच होऊ देत नाही. त्यामुळे तुमच्या गाडीत उष्णता कधी आणि कुठे तयार होते, यावर निवड ठरते.

उष्णता येते कुठून

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला इंपेलर ऑइल फेकतो आणि त्या ऑइलच्या जोरावर समोरचा टर्बाइन फिरतो. गाडी जागेवरून निघताना मधला स्टेटर ऑइलची दिशा वळवून टॉर्क जवळपास दुप्पट करतो, म्हणून चढावरही ऑटोमॅटिक सहज निघते. पण या प्रकारात टर्बाइन इंपेलरच्या मागेच राहतो. हा फरक म्हणजे स्लिप, आणि स्लिपमध्ये गेलेली सगळी शक्ती ऑइल तापवण्यात खर्च होते.

आकड्यात पाहू. वेगात असलेल्या गाडीचं इंजिन २०० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि इंपेलर व टर्बाइनमध्ये ४०० आरपीएमचा फरक आहे, तर ८ किलोवॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होते. पाणी तापवायचे दोन-दोन किलोवॉटचे चार हीटर गिअरबॉक्समध्ये अखंड चालू ठेवल्यासारखंच हे. गाडी जागेवर अडलेली असताना ॲक्सिलरेटर दाबत राहिलं तर त्याहून वाईट. तोच २०० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमवर असेल, तर ४० किलोवॉटच्या वर शक्ती थेट ऑइलमध्ये जाते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टॉल टेस्ट (गाडी ब्रेकवर अडवून ॲक्सिलरेटर दाबायची चाचणी) ५ सेकंदांच्या आत संपवायला सांगतात ती याचसाठी.

लॉकअप क्लच टर्बाइनला कन्व्हर्टरच्या कवचाशी घट्ट पकडतो. स्लिप शून्य, आणि त्यातून येणारी उष्णताही शून्य. कल्पना जुनी आहे: पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिकमध्ये ती १९४९ मध्येच होती, आणि १९७८ च्या मॉडेलांपासून क्रायस्लरने इंधन वाचवण्यासाठी ती पुन्हा आणली. मात्र जुन्या ४ आणि ५ स्पीड गिअरबॉक्समध्ये लॉकअप बहुधा वरच्या गिअरमध्येच आणि ठरावीक वेगाच्या पुढेच लागतं. चढ आला, पाय थोडा जास्त दाबला गेला की कॉम्प्युटर ते सोडून देतो. म्हणजे जिथे त्याची सर्वात जास्त गरज, नेमकं तिथे ते सुटतं. नव्या ६ आणि ८ स्पीड गिअरबॉक्समध्ये ते खालच्या गिअरमध्येही लागतं, आणि अनेकदा कॉम्प्युटर मुद्दाम थोडीशी स्लिप ठेवून इंजिनाची थरथर गिळतो. असा गिअरबॉक्स असेल तर किटचा विचार इथेच सोडून द्या. कारखान्याने ते काम तुमच्यापेक्षा चांगलं केलेलं आहे.

खर्चाआधी मोजमाप

गिअरबॉक्सचेही आकडे दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून तीन गोष्टी एकत्र पाहा: ऑइलचं तापमान, इंजिनाचा आरपीएम आणि टर्बाइनचा आरपीएम. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची स्लिप. स्कॅनर नसेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचा पेडल नुसता दिवा लागण्यापुरता दाबा. आरपीएम अचानक थोडा वर गेला, तर लॉकअप लागलेलं होतं आणि आत्ता सुटलं. (मागे कोणी नाही हे आधी बघून घ्या.)

तापमान कुठलं वाचताय हेही पाहा. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑइल क्षणात तापतं आणि क्षणात उतरतं; तळाच्या पॅनमधलं ऑइल सरासरी दाखवतं. लोक इथे फार गोंधळतात, कन्व्हर्टरच्या तोंडचा आकडा बघून घाबरतात किंवा पॅनचा बघून निर्धास्त होतात. पॅनमध्ये ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही सुखाची पातळी. जुना ठोकताळा असा की ८० च्या पुढे दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक ऑइल त्याहून बरीच टिकतात, पण दिशा तीच. पॅन ११० च्या वर रेंगाळत असेल तर उपाय हवाच, असं मी धरतो. १२० ओलांडलं तर बाजूला थांबा, हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. बंद केलं तर पंपही थांबतो आणि तापलेलं ऑइल कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं.

कूलर

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून फिरतं. ते पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास असतं. त्यापुढे हवेवर चालणारा वेगळा कूलर जोडला की उष्णतेला दुसरी वाट मिळते. लॉकअप लागलेलं असो वा नसो, कन्व्हर्टर, गिअर, पंप यांपैकी कुठूनही आलेली उष्णता तो घेतो. गिअरबॉक्सच्या कामात ढवळाढवळ होत नाही, हा त्याचा मोठा गुण. प्लेटवाला कूलर नळी-पत्रावाल्यापेक्षा त्याच आकारात जास्त काम करतो.

त्याच्या मर्यादाही आहेत. हवा हवी, मुंगीच्या पावलांनी चढताना वारा नसेल आणि पंखाही नसेल तर कूलर नुसता लटकलेला असतो. दुसरी मर्यादा थंडीची. थर्मोस्टॅट नसलेला मोठा कूलर ऑइलला गरम होऊच देत नाही, आणि ऑइल पुरेसं तापेपर्यंत कॉम्प्युटर लॉकअप लावत नाही. म्हणजे गार करायला बसवलेली वस्तूच स्लिप वाढवते आणि इंधन खाते. म्हणून थर्मोस्टॅटशिवाय कूलर बसवू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

रेडिएटरमधला कूलर पूर्णपणे वगळावा का? थंड प्रदेशात नको, तो ऑइल लवकर गरमही करतो. पण रेडिएटर जुना असेल तर तो बदलाच. आतून फुटला की पाणी ऑइलमध्ये मिसळून गुलाबी, दुधाळ चिखल होतो आणि क्लचच्या प्लेटी संपतात.

लॉकअप किट

किट कॉम्प्युटरला बाजूला ठेवून लॉकअपचा सोलेनॉइड (ऑइलचा दाब सोडणारी विजेवरची झडप) स्वतः चालवते. बटण दाबा, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये चढावरही लॉकअप धरून राहतं. जड, कमी आरपीएमला भरपूर टॉर्क देणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांत तापमानातला फरक लगेच दिसतो. आणखी एक फायदा आहे जो कूलर कधीच देणार नाही: उतारावर पाय उचलला की कॉम्प्युटर अनेकदा लॉकअप सोडतो. किटने ते टिकवलं तर इंजिन गाडीला खरोखर धरून ठेवतं आणि ब्रेक वाचतात. डोंगरात ट्रेलर ओढणाऱ्यासाठी ही गोष्ट तापमानाइतकीच महत्त्वाची आहे.

धोका मात्र खरा आहे. कारखान्याचा लॉकअप क्लच पूर्ण टॉर्क अंगावर घ्यायला बनवलेला असेलच असं नाही. दाब अपुरा पडला तर तो आतल्या आत घसरतो, त्याचं अस्तर झिजतं, आणि ती पावडर सगळ्या गिअरबॉक्सभर फिरते. कमी आरपीएमला गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर ते लक्षण ओळखा आणि बटण सोडा. लॉकअप लागलेलं असताना गिअर बदलला तर धक्का थेट ड्राइव्हलाइनला (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या भागांना) बसतो. साधा स्विच लावलात आणि सोडायला विसरलात, तर थांबताना इंजिन बंद पडेल. म्हणून घ्यायचीच तर ब्रेक दाबल्यावर आणि ठरावीक वेगाखाली आपोआप सोडणारी इलेक्ट्रॉनिक किट घ्या. वॉरंटी चालू असेल तर हातही लावू नका.

आणि ज्याला पैसे लागत नाहीत ते

चढ दिसला की मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या. त्याच चढाला त्याच वेगासाठी इंजिनाला कमी टॉर्क द्यावा लागतो. दुसरीकडे कन्व्हर्टरची टॉर्क पोचवण्याची क्षमता आरपीएमच्या वर्गाने वाढते: १८०० वरून २५०० वर गेलात तर ती जवळपास दुप्पट. दोन्हीमुळे स्लिप घटते. शिवाय पंप वेगाने फिरतो आणि कूलरमधून ऑइल जास्त जातं. ५ स्पीडमध्ये चौथा धरून ठेवला तर चौथा-पाचवा असा सतत चाललेला खेळ थांबतो आणि लॉकअप टिकण्याची शक्यता वाढते. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून लोक हे टाळतात, आणि तिथेच ऑइल जळतं. वाळूत किंवा अगदी तीव्र चढावर लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतला जास्त खालचा गिअर-संच) असेल तर तीच वापरा. तिथे ना नुसता कूलर पुरा पडतो, ना लॉकअप लागू शकतं.

कोणी काय घ्यावं

गिअर खाली घेऊन पॅनचं तापमान ११० च्या आत राहत असेल तर काहीच घेऊ नका, फक्त ऑइल लवकर बदला. लॉकअप लागलेलं असूनही तापमान चढत असेल, तर थर्मोस्टॅटसह कूलर. कमी वेगाच्या चढावर, वाळूत, शहरातल्या गर्दीत तापत असेल तर किटचा उपयोगच नाही. तिथेही कूलरच, आणि त्याला पंखा. किट उरते ती अशा माणसासाठी ज्याची गाडी जुनी, ४ किंवा ५ स्पीड, जड आहे, जो महिनोन्‌महिने ट्रेलर ओढतो, आणि ज्याला स्कॅनरवर स्पष्ट दिसतंय की चढावर लॉकअप सुटलं की तापमान उडी मारतं. त्यानेही आधी कूलर बसवून मग किटकडे वळावं, कारण किट फसली तर कूलर सांभाळून घेतो. उलटं होत नाही.

कूलर बसवल्यावर ऑइलची पातळी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच तपासा. नव्या नळ्यांमध्ये आणि कूलरमध्ये बरंच ऑइल जातं, आणि कमी पडलेल्या ऑइलमध्ये पंपाने हवा ओढली तर लॉकअप क्लचचा दाबच कोसळतो.