सीव्ही जॉइंटचं बूट किट: रबर उत्तम, क्लिपा कच्च्या

पुढच्या चाकाच्या रिमवर आतून काळं ग्रीस उडालेलं दिसलं की सीव्ही जॉइंटचा (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या वळत्या सांध्याचा) बूट, म्हणजे त्यावरचं घड्यांचं रबरी आवरण, फाटलं म्हणून समजा. छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी मॉडेलनुसार मिळणारं बूट किट घरी बसवण्याजोगं आहे, फक्त जॉइंट अजून वाजत नसावा. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळूहळू गाडी दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. कटकट ऐकू आली तर आतल्या छर्‍यांनी खाचा खाल्ल्या आहेत. नव्या ग्रीसने आवाज थोडे दिवस दबेल, जाणार नाही. तेव्हा किटवर पैसे घालू नका, जॉइंटच बदला.

किटमध्ये एक बूट, ग्रीसचं पाकीट आणि दोन क्लिपा असतात. सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) आणि हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट काही किटमध्येच मिळतो. नसतील तर वेगळे आणा, जुने परत वापरू नका. बूटाचं रबर जाड आहे, घड्या सारख्या आहेत, लहान तोंड शाफ्टच्या खाचेत नीट बसतं. ताणून चढवायच्या ‘सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या’ बूटापेक्षा हा कितीतरी सरस. चिरलेला, चिकटवून जोडायचा बूट तर फक्त घरी पोहोचण्यापुरता.

ग्रीस मॉलिब्डेनमचं, काळं हवं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. छोट्या गाडीच्या बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटला साधारण 80 ते 100 ग्रॅम लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. पाकिटात कमी निघालं तर त्याच जातीचं आणखी आणा.

खरी कमजोरी क्लिपांची. पत्रा मऊ आहे, कान (क्लिपेचा दाबून आवळायचा उंचवटा) आवळताना ताण धरत नाही, आणि सैल क्लिपेतून ग्रीस बाहेर, पाणी-माती आत. स्टीलच्या चांगल्या कानवाल्या क्लिपा वेगळ्या घ्या आणि त्यांच्या खास पकडीनेच आवळा. केबल टाय नको.

काम असं. चाक जमिनीवर असतानाच, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून हबचा नट सैल करा. त्याआधी नटाची ठोकलेली कड (नट सुटू नये म्हणून शाफ्टच्या खाचेत दाबलेली) छिन्नीने उचला, नाहीतर आटे जातात. मग गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कधीच नाही), खालचा बॉल जॉइंट सोडवा आणि हब बाहेर ओढा. शाफ्ट लोंबकळू देऊ नका, आतला (गिअरबॉक्सकडचा) जॉइंट निसटतो. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढणार असाल तर खाली ट्रे ठेवा, ऑइल येणारच, आणि शेवटी तेवढं भरा.

इथे बरेच जण चुकतात: सुझुकीच्या अनेक मॉडेलांचं मॅन्युअल बाहेरचा जॉइंट उघडू नका असं सांगतं. तिथे आतल्या जॉइंटचा ट्रायपॉड (तीन रोलरचा भाग) काढून बूट त्या बाजूने सरकवावा लागतो. काढण्याआधी शाफ्टवर आणि ट्रायपॉडवर रंगाची खूण करा. जिथे बाहेरचा जॉइंट निघतो तिथे पितळी दांड्याने आतल्या रिंगवर ठोका. छर्‍यांच्या पिंजऱ्यावर घाव पडला की जॉइंट संपला.

जुनं ग्रीस रॉकेलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. राहिलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं. खाचेत नखाला खड्डा लागला तर तो जॉइंट परत बसवू नका. लहान क्लिप आणि बूट शाफ्टवर आधी चढवा. हे विसरलात तर सगळं परत उघडावं लागेल. जॉइंट सर्क्लिपवर टक् करून बसला पाहिजे, मग ओढून खात्री करा. अर्धं ग्रीस छर्‍यांत दाबा, उरलेलं बूटात. मोठी क्लिप आवळल्यावर लहान तोंडातून बोथट स्क्रूड्रायव्हरने अडकलेली हवा सोडा, नाहीतर घड्या फुगून एकमेकींवर घासतात आणि नवाही बूट फाटतो.

नवा नट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलच्या आकड्याला आवळा आणि त्याची कड ठोका. दोन-तीनशे किलोमीटरनंतर रिमच्या आत पुन्हा हात फिरवा. ग्रीसचा डाग नसेल तर क्लिपा धरून बसल्या आहेत.