पंचपरीक्षेच्या नावानं १०,७८० रुपयांची टोपी

लिहू की नको यातच पंधरा दिवस गेले. गावाचं नाव लिहीत नाही, माझंही नाही. आधीच चौकातून जाताना पोरं मागून शिट्टी वाजवतात.

जळगाव जिल्ह्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर केळीवाल्यांच्या जळालेल्या मोटारी, संध्याकाळी व्हॉलीबॉल. वीस वर्षं खेळलो, आता गुडघा ऐकत नाही म्हणून गावोगावच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतो. मानधन म्हणजे नारळ, टॉवेल आणि आयोजक चांगला असला तर दोनशे रुपये. यंदा एका सामन्यात हरलेल्या टीमच्या पोरानं तोंडावर विचारलं, "तुम्ही परीक्षा पास आहात का?" ते लागलं. त्याच रात्री मोबाईल घेऊन बसलो.

पहिलंच पान निघालं ते व्हॉलीबॉल संघटनेचं. पदाधिकाऱ्यांचे फोटो, पंचपरीक्षेचं परिपत्रक, सही-शिक्का, खाली सचिवांचा मोबाईल नंबर. लोक म्हणतात बनावट साइट असेल. अजिबात नाही. पान शंभर टक्के खरं होतं, फक्त २०१९ सालचं होतं. परिपत्रकावरची तारीख मी वाचली नाही असंही नाही. वाटलं, दरवर्षी तेच परिपत्रक पुढे ढकलत असतील. आपल्याकडे ढकलतात की नाही, तुम्हीच सांगा.

तो नंबर सचिवांनी कधीच सोडला होता. बंद केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते. ज्याला मिळाला त्याला "सर, पंचपरीक्षा कधी आहे?" असे फोन येत राहिले असणार, आणि एक दिवस तो तारीख सांगू लागला असणार. हा माझा अंदाज, पण दुसरं काही जुळत नाही. माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू. "भाऊ, गुडघ्याला जपा, पंचाला पण तीन-तीन तास उभं राहावं लागतं," असं म्हणाला. घरच्यांनी इतकी चौकशी कधी केली नाही.

मग सुरू झालं. नोंदणी ५००. हीच रक्कम त्या जुन्या परिपत्रकातही होती, म्हणून विश्वास पक्का बसला. परीक्षा फी १,५००. नियमपुस्तक आणि उजळणी वर्ग १,२५०. गणवेश २,३५०, तो केंद्रावर मिळणार. ओळखपत्र आणि विमा १,१८०. शेवटी अनामत ४,०००, निकालानंतर परत. एकूण १०,७८०. एकदम मागितले असते तर मी दिले असते का? मी काही अडाणी नाही. ओटीपी कुणाला सांगितला नाही, कुठली लिंक दाबली नाही. प्रत्येक वेळी स्वतःच्या हातानं पिन टाकून पैसे पाठवले, आणि बँक आता तेच माझ्या तोंडावर मारते.

नियमपुस्तक म्हणून व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. पहिल्या पानावर ठळक छापलेलं, २०१७–२०२०. आपल्या खेळाचे नियम दर चार वर्षांनी बदलतात, आता २०२५–२०२८ चं पुस्तक चालू आहे, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या साइटवर ते फुकट मिळतं. फुकट! मी १,२५० देऊन दोन पुस्तकं मागचं विकत घेतलं आणि रोज रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून पाठ केलं.

आणि आता जे लिहितोय ते लिहिताना अजून कान गरम होतात. माझा भाचा कॉलेजच्या टीममध्ये सेटर आहे. एका संध्याकाळी मी त्याला रोटेशन समजावत होतो. सर्व्हिस मारताना दोन्ही टीमचे खेळाडू आपापल्या जागेवर पाहिजेत, नाहीतर फॉल्ट. पोरगं म्हणालं, "मामा, आते तसं नही शे. सर्व्हिस करणारी टीम कुठेही उभी राहू शकते, जागा फक्त समोरच्यांची बघायची." मी पीडीएफ त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, पंच तू की मी? तो गप्प झाला. पोरगं बरोबर होतं. तेव्हा पहिल्या पानावरचं नुसतं साल नीट बघितलं असतं तर अनामतीचे ४,००० तरी वाचले असते. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते पाठवले. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुण्या बाईचं. विचारलं, तर म्हणे आमच्या खजिनदार मॅडम. पैसे संघटनेला देताय आणि नाव माणसाचं दिसतंय, तर तिथंच बोट उचला. मी उचललं नाही.

पोळा झाल्यावरच्या रविवारी पहाटेच्या एसटीनं धुळ्याला गेलो. पाऊस. सांगितलेल्या शाळेच्या फाटकाला कुलूप, आणि बाहेर पांढरे शर्ट घातलेले चार जण. एक मास्तर शिरपूरचे, दोघं नंदुरबारकडचे, एक साक्रीचा. मास्तरांनी गळ्यात नवी शिट्टी घातली होती, तिच्यावरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं. कुणी कुणाकडे बघेना. वॉचमन छत्रीतून म्हणाला, "मागच्या महिन्यात बी असेच आले व्हते."

घरी बायको एकच वाक्य बोलली, "तुम्हले कोनी सांगेल व्हतं?" मी जेवलो नाही.

आता पुढची गंमत. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला तो बुधवारी, कारण तीन दिवस मी लाजेत काढले. ही माझी दुसरी चूक. लाज नंतर करा, फोन आधी करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. पोलीस स्टेशनात साहेबांनी आधी रक्कम विचारली आणि पेन खाली ठेवलं. "भाऊ, इथे लाखांच्या केसेस पडल्यात." मग म्हणाले, माणूस धुळ्याचा दिसतोय, तिकडे द्या. मग म्हणाले, साधा अर्ज द्या, ४२० चं बघू. माझ्याकडे मोटार दुरुस्तीला आणणारे एक वकील आहेत, ते हसले. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ लागतं. शिवाय दखलपात्र गुन्हा हद्द न बघता नोंदवून घ्यावाच लागतो. म्हणजे माझं पुस्तक जुनं, आणि साहेबांचंही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्हीच चालवा मग पोलीस स्टेशन." त्यानंतर तीन चकरा झाल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा संगणक बंद, एकदा "अर्जाची झेरॉक्स आणली नाही का?" प्रत्येक चकरेला अर्धा दिवस दुकान बंद.

सरकारी कार्यालयात गेलो तर म्हणे संघटना खाजगी आहे, आमचा संबंध नाही. संघटनेचे हल्लीचे पदाधिकारी शोधून काढले. त्यांचं ऐका. ते पान आधीच्या कार्यकारिणीनं काढलेलं, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि दोन गटांचं बोलणं बंद आहे. म्हटलं, निदान तो नंबर चुकीचा आहे अशी नोटीस तरी लावा. तर म्हणाले, "लोकांनी खात्री करायला पाहिजे." अहो, खात्री करायलाच तर तुमच्या पानावर गेलो होतो! खोट्या माणसाचा राग येतो तेवढाच या खऱ्या लोकांचा येतो. एक पान खाली घेता येत नाही, आणि मैदानात आम्ही रेषा चुकवली तर अंगावर धावून येता.

परीक्षेची माहिती हवी असेल तर यंदा सामना चालवलेल्या, परीक्षा पास पंचाला समोरासमोर विचारा. शाळेला आधी फोन करा की त्या दिवशी तुमच्याकडे परीक्षा आहे का. मी धुळ्याला जाण्याआधी एवढंही केलं नाही, आणि फोन माझ्या हातातच होता.

काल रात्री भाच्याच्या सिमवरून तो नंबर लावला. उचलला. "नमस्कार, पंच मंडळ. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे भाऊ, जागा थोड्याच राहिल्यात." आवाजात तीच काळजी. मी काही न बोलता ठेवून दिला.

शिरपूरच्या मास्तरांशी बोलणं झालंय, त्यांचे ९,६०० गेले. आम्ही पाचही जण एकत्र अर्ज देतोय. त्या नंबरला तुम्ही पैसे पाठवले असतील तर व्यवहार क्रमांक आणि चॅट पुसू नका, तारखेसकट आमच्याबरोबर जोडा. मग बघू रक्कम छोटी कोण म्हणतं ते.