हब घ्यावा की डॉक?

विश्रामबागेतला मावसभाऊ घरून काम करतो. लॅपटॉपला दोनच टाइप-सी पोर्ट. साधा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी छोटी डबी) घेऊ की अडॅप्टरवाला डॉक (तेच काम, पण स्वतःच्या वीज-अडॅप्टरवर करणारा डबा), यावर त्याचं महिनाभर अडलंय.

आधी एक बघ म्हटलं: तुझ्या टाइप-सी पोर्टमधून डिस्प्ले निघतो का, म्हणजे मॉनिटरला चित्र जातं का? नसेल तर साध्या हबचं एचडीएमआय (मॉनिटर जोडायचा पोर्ट) शोभेपुरतंच.

किमतीत हब सरळ जिंकतो. डॉकला चार-पाच पट पैसे जातात.

खरी गोम विजेची. साधा हब लॅपटॉपकडूनच वीज घेतो. त्यावर दोन हार्डडिस्क लावल्या की एखादी मध्येच गायब होते, तीही नेमकी फाइल कॉपी होताना. डॉकला स्वतःचा पुरवठा असल्याने तो सहसा हे ओझं पेलतो. पण लाइट गेली की डॉक मेला, लॅन (तारेचं इंटरनेट) आणि डिस्कसकट! हब मात्र लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहतो. इन्व्हर्टर नसेल तर हे विसरू नको.

स्क्रीनचं म्हणाल तर स्वस्त हब ४के चित्र बहुधा ३० हर्ट्झलाच देतात, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलतं. माउस ओढल्यासारखा वाटतो. खोक्यावर '६० हर्ट्झ' शोधा, नुसतं '४के' नको.

टिकाऊपणात हबची चिकटलेली आखूड केबल मानेशी तुटते. मग अख्खा हब कचऱ्यात.

बॅग घेऊन सांगली-पुणे करणाऱ्याला हब पुरे. एकाच टेबलावर मॉनिटर, लॅन, दोन डिस्क असतील तर डॉक. भावाकडे एकच डिस्क आहे. त्याला मी हबच सांगितला.