"दोन्ही लसी झाल्यात" म्हणून पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा, विषाणूचा हगवणीचा आजार) झालेलं पिल्लू विकलं. 41,840 रुपये गेले

पुण्यात ऑनलाइन जाहिरात बघून कुत्र्याचं पिल्लू घेणार असाल तर आधी हे वाचा. लॅब्रॅडॉर, "दोन्ही लसी झालेल्या, कार्डासकट", 16,500 रुपये. 5,000 आगाऊ यूपीआयने, 11,500 रोख. पावती मागितली तर म्हणे कार्ड हीच पावती.

आम्ही डोळे झाकून गेलो नव्हतो. आईबाप दाखवा म्हटलं, त्याने व्हिडिओ दाखवला. जंताचं औषध विचारलं, तारखेसकट उत्तर दिलं. पण एक गोष्ट आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. बाहेर धो धो पाऊस आणि पिल्लाचा फक्त मागचा भाग ओला, नुकताच धुतलेला. खोलीत फिनाइलचा भपकारा. "शी केली होती, साफ केलं." लहान जीव शी करणारच, कोण संशय घेईल? हगवण लपवत होता मेला! आणि फिनाइलवर विसंबून पार्व्हो जात नाही, त्याला पातळ केलेलं ब्लीच लागतं.

दुसऱ्याच रात्री उलट्या, पहाटे रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी किटवर शी तपासली. पार्व्हो. सलाइन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, अँटिबायोटिक. आतडं सावरेपर्यंत जीव तगवायचा, एवढंच हातात असतं. बिल 21,340. गोट्या गेला.

कार्डातली गडबड डॉक्टरांनीच दाखवली. जन्म 2 जून, पहिली लस 22 जून. वीस दिवसांच्या पिल्लाला ही लस देतच नाहीत, सहा आठवड्यांच्या पुढेच सुरू करतात. बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं हवं. नख फिरवलं तर कडच लागेना, रंगीत झेरॉक्स! शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. कार्डावर नख फिरवा, क्रमांक बघा, मगच पैसे काढा.

विकणारा म्हणतो, "तुमच्या घरी आल्यावर लागण झाली." लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, मग एका दिवसात कशी दिसली? वर "दुसरं पिल्लू देतो, गाडीभाड्याचे 4,000 टाका." मुलगी जेवत नव्हती म्हणून टाकले. त्यानंतर नंबर ब्लॉक. आणि पिल्लू आलं असतं तरी त्यालाही लागण व्हायची भीती होतीच, हा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. पार्व्हो झालेल्या घरात नवं पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

चौकीत हवालदार म्हणाले, "कुत्रं मेलं त्याची कसली तक्रार?" मी म्हटलं, साहेब, तक्रार बनावट कार्डाची आहे, पैशांची आहे. तर म्हणे ग्राहक मंचात जा. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. पालिकेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, शेवटी "हे आमच्याकडे येत नाही". मग येतं कुणाकडे? 2017 चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत, पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. गोट्या सात आठवड्यांचाही नव्हता. नियम कागदावर, विकणारा मोकाट, आणि आम्ही अर्जाच्या झेरॉक्स काढतोय!

नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. रोख देऊ नका. पिल्लू आधी तुमच्या डॉक्टरांकडे, मग उरलेले पैसे.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. मी दाखल करतोय. असंच झेरॉक्सचं कार्ड तुमच्याकडे असेल तर फाडू नका, यूपीआयच्या पावतीसकट जपून ठेवा आणि मला कळवा.