पहिली आवृत्ती घ्यायची तर हार्डबाउंड की पेपरबॅक? किनाऱ्यावरच्या घरासाठी थोडं

हॅरी पॉटर वाचत जे मोठे झाले, त्यांना तिशी ओलांडली की पहिल्या आवृत्त्या जमवायची ओढ लागते. मलाही लागली. ब्रिटिश आवृत्तीची हार्डबाउंडही घेतली, पेपरबॅकही घेतली, आणि दोन्ही गुहागरच्या घरात सांभाळून पाहिली. तुमचं घर घाटावर असेल तर माझं म्हणणं तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही.

पहिल्या भागाच्या हार्डबाउंडचा विषय आधीच मिटवून टाकू. जून १९९७मध्ये त्याच्या ५०० प्रती निघाल्या, त्यातल्या ३०० वाचनालयांकडे गेल्या. २०२१ साली अमेरिकेतल्या लिलावात एक प्रत ४,७१,००० डॉलरला विकली गेली. आपला प्रश्न चौथ्या भागापासून सुरू होतो. तिथून पुढे पहिली छपाईच लाखांनी झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती परवडेल अशी मिळते. पुढे किंमत येईल म्हणून घेणार असाल, तर माझ्या मते दोन्ही घेऊ नका.

हार्डबाउंडची बाजू भक्कम आहे. या भागांत हार्डबाउंड आधी आलं, पेपरबॅक साधारण वर्षभराने. म्हणजे काटेकोर संग्राहक ज्याला पहिली आवृत्ती म्हणेल ती हीच. शिवाय पहिल्या छपाईच्या खुणा तिच्यात राहून गेल्या आहेत. चौथ्या भागात, ‘गॉब्लेट ऑफ फायर’मध्ये, शेवटाकडे खलनायक व्होल्डेमॉर्टच्या जादूच्या छडीतून त्याने मारलेली माणसं उलट्या क्रमाने बाहेर येतात. हॅरीची आई लिली ही वडील जेम्सच्या नंतर मेली, म्हणून ती आधी यायला हवी. पहिल्या छपाईत जेम्स आधी येतो. पुढे ते दुरुस्त झालं. शाळेत असताना माझ्या आणि मित्राच्या प्रतीत हा फरक निघाला, आणि दोन दिवस आम्ही एकमेकांना खोटं पाडत होतो. मोठेपणी ती चूक असलेली प्रत स्वतःची म्हणून हातात आली तेव्हा मी ते पान उघडून कितीतरी वेळ बसलो होतो. हे सुख पेपरबॅक देत नाही, हे मान्य.

घोडं अडलं ते पावसात. चमकदार पुठ्ठ्याला बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो ओल घेत नाही. आतला चिकटवलेला कागद मात्र घेतो आणि फुगतो. पुठ्ठा मग बाहेरच्या अंगाला वळतो. पाचवा भाग ७६६ पानांचा; तो उभा ठेवला तर वजनाने पानांचा गठ्ठा खाली ओढला जातो आणि बांधणी सैल होते. जॅकेटचं, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टनाचं, दुखणं याहून वाईट. संग्राहकाला जॅकेटच महत्त्वाचं, म्हणून मी त्यावर प्लॅस्टिक चढवलं. आत ओल कोंडली, आणि दसऱ्याला सोडवायला गेलो तर चित्राचा कोपरा प्लॅस्टिकबरोबर निघून आला. एकदा वास जावा म्हणून आजीच्या वाळवणाशेजारी उन्हात ठेवली, तर कण्याचा रंग उडाला.

शेवटी उपाय एकच उरला. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं करताना हार्डबाउंडही वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या ट्रंकेत भरायची, ती दसऱ्यानंतर काढायची. पुस्तकं त्याने टिकतात. पण मला खुपलं ते हेच. चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे सगळे भाग जून-जुलैत आले, आमच्याकडे ऐन पावसात. पागोळ्यांचा आवाज, गेलेले लाईट, ओटीवर कंदील आणि मांडीवर पुस्तक, अशीच ही गोष्ट माझ्यात रुजली आहे. आषाढ लागला की ती पुन्हा वाचावीशी वाटते, आणि नेमकी तेव्हा ती ट्रंकेत असते.

पेपरबॅकला खोडी नाहीत असं नाही. कागद हलका, कडा पिवळ्या पडतात. कसर तिलाही लागते. कव्हरही वळतं, पण पाटाखाली ठेवून वर वरवंटा ठेवला की आठ दिवसांत बरंचसं सरळ होतं. जॅकेट नाही, त्यामुळे चिकटायची धास्ती नाही. दमट हातांनी उघडली तरी जीव खालीवर होत नाही. चांगली प्रत मात्र शोधावी लागते, कारण बहुतेक पेपरबॅक वाचून वाचून कण्याला घड्या पडलेल्या मिळतात. मला त्या घड्या आवडतात, पण संग्राहक म्हणून हे बोलू नये बहुधा.

काहीही घ्या, विक्रेत्याकडून प्रकाशनाच्या पानाचा फोटो मागा. तिथल्या आकड्यांच्या ओळीत १ असेल तर पहिली छपाई. सगळ्यात लहान आकडा ३ असेल तर तिसरी, मग वर काहीही लिहिलेलं असो.

वातानुकूलित खोली असेल, किंवा पुस्तकं घाटावर भावाकडे ठेवता येत असतील, तर हार्डबाउंडच घ्या. दिसायला ती सरस आहे. माझी हार्डबाउंड मी एकेक करून देऊन टाकली. चौथा भाग तेवढा ठेवला, त्या एका पानासाठी, आणि तो ट्रंकेत आहे. पेपरबॅक ओटीवरच्या फडताळात असतात. सध्या पाचवा खाली आहे, पाटाखाली.