२२८.५ की ४५७? मुलांच्या अँटिबायोटिक ड्राय सिरपचं परीक्षण

सांगलीत विश्रामबागेत जा नाहीतर मिरजेत दवाखान्यांच्या ओळीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये, पोराचा कान ठणकतोय किंवा सायनसमध्ये पू झालाय म्हणून चिठ्ठी आणली की पुष्कळदा एकच खोकं काउंटरवर येतं. त्यावर लिहिलेलं असतं अमॉक्सिसिलिन आणि पोटॅशियम क्लॅव्ह्युलनेट ड्राय सिरप, ३० मिली. ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सिकाइंड-सीव्ही अशी नावं वेगवेगळी असली तरी आतली जोडी तीच. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या बाटलीचं आहे.

औषध म्हणून ही जोडी चांगली आहे. पुष्कळ जिवाणू अमॉक्सिसिलिनला तोडणारं एंझाइम तयार करतात. क्लॅव्ह्युलनेट ते एंझाइम अडवतं आणि अमॉक्सिसिलिनला काम करू देतं. अडचण अशी की हेच क्लॅव्ह्युलनेट फार नाजूक आहे. ओल आणि उष्णता लागली की ते खराब होतं, म्हणून कंपनी पावडर कोरडी देते आणि पाणी घालायचं काम ग्राहकावर येतं. बाटलीचा सगळा दर्जा त्या दोन-तीन मिनिटांत आणि नंतरच्या फ्रिजमध्ये ठरतो.

आधी आकड्यांचं बघू, कारण सर्वांत मोठी चूक तिथे होते. २२८.५ म्हणजे दर ५ मिलीत २०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिग्रॅ क्लॅव्ह्युलनेट. ४५७ म्हणजे तेवढ्याच ५ मिलीत ४०० आणि ५७, म्हणजे बरोबर दुप्पट. खोकी जवळजवळ सारखी दिसतात. डॉक्टरांनी नुसतं ‘५ मिली, दोन वेळा’ लिहिलं आणि मेडिकलवाल्याने एक नसलं म्हणून दुसरं दिलं, तर पोराला एकतर दुप्पट डोस जातो नाहीतर निम्मा. ६०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिनसोबत ४२.९ मिग्रॅ क्लॅव्ह्युलनेट असलेलं सिरपही मिळतं. त्यात जोडीचं प्रमाणच वेगळं आहे, त्यामुळे मिलीचा हिशेब करून ते ४५७ च्या जागी चालवता येत नाही. डोस पोराच्या वजनावर ठरतो, वयावर नाही. दवाखान्यात वजन करून घ्या आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे आकडा आहे का ते बघूनच उठा. आकडा नसेल किंवा दुकानात दुसराच आकडा मिळत असेल, तर दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगा. ‘हे घ्या, निम्मं द्या’ यावर घरी यायचं नाही.

आता पाणी. बाटली उघडण्याआधी उलटीसुलटी करून तळावर हलकेच टकटक करा, पावडर सुटी झाली पाहिजे. दगडासारखी गुठळी असेल किंवा पावडर पिवळी-तपकिरी पडली असेल तर आत ओल गेलेली आहे, बाटली परत करा. काही खोक्यांत निर्जंतुक पाण्याची छोटी कुपी येते, ती असेल तर तीच वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. कोमट पाण्यात पावडर लवकर विरघळेल असं वाटतं, पण क्लॅव्ह्युलनेटला ते मारक आहे. पाणी एकदम ओतू नका. आधी खुणेच्या बरंच खाली येईल इतकं घाला, झाकण लावून जोरात हलवा, मग फेस बसू द्या. ही थांबण्याची पायरीच बहुतेक जण गाळतात. फेसाची वरची कड म्हणजे पातळी नव्हे. फेसावर मोजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध जास्त कडक होतं. फेस बसला की लेबलवरच्या बाणापर्यंत किंवा काचेवरच्या कड्यापर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. पाणी खुणेच्या वर गेलं तरी हिशेब बिघडतो. २२८.५ च्या ३० मिलीच्या बाटलीत चुकून ३५ मिली झालं, तर ५ मिलीत २०० ऐवजी सुमारे १७१ मिग्रॅ अमॉक्सिसिलिन उरतं. लगेच पेनने लेबलवर तारीख आणि वेळ लिहा. तिथून सात दिवस मोजायचे.

हे विरघळलेलं औषध नाही, पाण्यात तरंगणारी बारीक पावडर आहे. ती खाली बसते. म्हणून प्रत्येक डोसआधी बाटली नीट हलवायची, नुसती वाकडी करायची नाही. न हलवता दिलं तर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे कडक. ताप चौथ्या दिवशीही का उतरला नाही याचं उत्तर कधी कधी इतकंच असतं.

खोक्यातल्या मापाच्या टोपणाला मात्र कमी गुण. पारदर्शक प्लॅस्टिकवर उठावाच्या बारीक रेघा, त्यात ३.५ मिली कसं बघायचं? घरच्या चमच्याचा तर विचारच नको. कुणाचा चमचा ३ मिलीचा असतो, कुणाचा ७ चा. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, काही रुपयांत मिळते. तिच्या टोकाला छोटं झाकण असेल तर आधी काढून फेका, पोराच्या घशात अडकू शकतं. पोराला बसतं धरा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. जिभेच्या मागे जोरात मारलं तर ठसका लागतो आणि पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. दुधाच्या बाटलीत औषध कालवू नका. दूध उरलं की किती डोस गेला ते कुणालाच सांगता येत नाही. नंतर दूध पाजायला हरकत नाही.

जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोट कमी बिघडतं आणि क्लॅव्ह्युलनेटही नीट शोषलं जातं. दोन वेळा म्हणजे साधारण बारा तासांनी, सकाळी ८ आणि रात्री ८. शाळा सुटल्यावर आणि झोपताना असं चालत नाही. डोस चुकला तर आठवल्याबरोबर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन डोस एकदम कधीच नाहीत. देऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाणी घातल्यावर बाटली २ ते ८ अंशात हवी. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दार सारखं उघडझाप होतं म्हणून तिथे नको आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. आपल्याकडची खरी अडचण पुढे आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या वाड्यावस्त्यांवर फ्रिज नसलेली घरं आहेत आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. माठाशेजारी, ओल्या फडक्यात बाटली ठेवतात, पण माठातलं पाणी ८ अंशाच्या जवळही जात नाही. अशा घरासाठी या बाटलीची आम्ही शिफारस करणार नाही. फ्रिज नाही हे डॉक्टरांना आधीच सांगा. पाण्यात विरघळणारी गोळी चालेल का ते तेच ठरवतील. फ्रिज असलेल्यांनीही सांगली-मिरजेहून गावी जाताना दुकानात पाणी घालून घेऊ नये. कोरडी पावडर प्रवास सोसते. फक्त मोटारसायकलच्या तापलेल्या डिकीत ठेवू नका. आणि सगळीच सिरपं फ्रिजमध्ये जात नाहीत. अझिथ्रोमायसिनचं सिरप बाहेरच ठेवायचं असतं, म्हणून दरवेळी लेबल वाचा.

३० मिलीची बाटली हा या मालाचा दुसरा दोष. ४ मिली दोन वेळा असेल तर तिच्यात फक्त सात डोस बसतात. पाच दिवसांना ४० मिली लागतात. पोर तिसऱ्या दिवशी खेळायला लागतं, चौथ्या दिवशी बाटली संपते आणि कोर्स तिथेच तुटतो. दोन बाटल्या एकदमच घ्या, पण दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घाला. सात दिवसांनंतर उरलेलं, किंवा तपकिरी पडलेलं, टाकून द्या. धाकट्याला खोकला झाला म्हणून ते पाजायचं नाही. साधी सर्दी, वाहतं नाक आणि बहुतेक खोकले विषाणूंचे असतात, त्यांच्यावर या औषधाचा काही उपयोग नाही.

थोडे पातळ जुलाब आणि लंगोटाच्या जागी लाली हे या औषधात नेहमीचं. ओआरएस द्या. जुलाब थांबवायचं औषध स्वतःहून देऊ नका. शौचात रक्त दिसलं, पाण्यासारखे जुलाब थांबेनात, डोळे पिवळे झाले किंवा दोन-तीन दिवसांत ताप-दुखणं काहीच कमी झालं नाही, तर परत दवाखाना गाठा. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वासाला घरघर लागली तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा. पेनिसिलिनचं वावडं आधीपासून असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. घरातल्या कुणाला ते आहे का हे चिठ्ठी लिहिली जातानाच सांगा.

खोक्यावर डावीकडे उभी लाल रेघ असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही याची खूण. चिठ्ठी न मागता देणारं दुकान सोयीचं वाटेल, पण वजन कुणी केलं आणि डोस कुणी ठरवला, हे तिथे कुणीच सांगू शकत नाही. बिल मागून घ्या, त्यावर बॅच नंबर आणि मुदत खोक्याशी जुळते का ते काउंटरवरच बघा, आणि पिशवीत सिरिंज पडली आहे ना तेही.