अपूर्णांकांची बेरीज: लसावि की तिरका गुणाकार?

पाचवी-सहावीच्या मुलांना छेद वेगळे असलेले अपूर्णांक दिले की बरेच जण तिरका गुणाकार (प्रत्येक अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायचा, छेद एकमेकांत गुणायचे) करून मोकळे होतात. १/२ + १/३ साठी तो झकास. लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढला तरी छेद ६च येतो.

पण ५/१२ + ७/१८ घ्या. तिरक्या गुणाकाराने अंश ९० + ८४ म्हणजे १७४, छेद २१६. आता हे संक्षिप्त करत बसा! (इथेच पोरं कंटाळून उत्तर तसंच सोडतात.) लसावि ३६ घेतला तर १५ + १४, उत्तर २९/३६. संपलं. शिवाय दोन्ही तुकडे एकाच मापाचे झाले म्हणून बेरीज जमली, हे डोळ्यांना दिसतं.

तीन अपूर्णांक आले की तिरक्या रेघा कुठून कुठे मारायच्या तेच कळेनासं होतं. घाईच्या तोंडी हिशेबात मात्र मीही तिरकाच करते.